विमान आपलं, इंजिन कुणाचं? (ओझर, तेजस आणि थोडी चिडचिड)

ओझरकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क १ए हे लढाऊ विमान उडालं ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंच असेल. नाशिकच्या लाइनवर तयार झालेलं पहिलं. मी मुद्दाम रजा टाकून गावी गेलो होतो. आत जायला अर्थातच मिळालं नाही, लांब एका ओळखीच्यांच्या द्राक्षबागेच्या बांधावर उभे होतो, मी आणि वडील. वडील एचएएलमधून (सरकारी विमान कंपनी, ओझरचा कारखाना तिचाच) रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली, मिग या रशियन लढाऊ विमानांच्या असेंब्लीत आयुष्य गेलं. विमान वर गेलं तसा त्यांनी कानामागे हात धरला आणि पहिलं वाक्य काय, तर "आवाज वेगळाय रे".

आता आवाज हा आमच्याकडे मोठा विषय. मी टाउनशिपमधल्या शाळेत होतो, मिग उडालं की बाई फळ्यापाशी तशाच थांबायच्या, "बारा साते..." एवढं म्हणून हात वर, आख्खा वर्ग गप्प, खिडकीची तावदानं थरथरतायत, आणि आवाज ओसरला की बाईंचा हात खाली आणि सगळ्यांनी मिळून "चौऱ्याऐंशी". आम्हाला वाटायचं सगळ्याच शाळांत असं असतं.

तर २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला आणि तीनच आठवड्यांत इकडे तेजसचं बारसं. ओझरचा कारखानाच मुळात १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-३० झाली, त्यामुळे गावात त्या दिवशी पेढे वाटले हे बरोबरच आहे, मीही खाल्ले. पण संध्याकाळी व्हॉट्सॅपवर "१००% स्वदेशी" वाले मेसेज सुरू झाले आणि माझं डोकं सटकलं.

कारण तो "वेगळा आवाज" आहे जीई कंपनीच्या एफ४०४ इंजिनचा, आणि ते येतं अमेरिकेतून, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन नावाच्या गावातून. सप्टेंबरमध्ये ९७ तेजसची जी नवीन ऑर्डर दिली (६२,३७० कोटी) त्यात सरकारच म्हणतंय की स्वदेशी हिस्सा ६४ टक्क्यांहून जास्त. उरलेल्यात सगळ्यात मोठा तुकडा हाच.

हिशोब बघा. पहिल्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिलं विमान हवाईदलाला द्यायचं होतं मार्च २०२४ ला. २०२५ संपत आलं, अजून एकही दिलेलं नाही. ९९ इंजिनांची ऑर्डर ऑगस्ट २०२१ ची, ५,३७५ कोटींची, आणि त्यातलं पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. का? तर त्या इंजिनची लाइन ऑर्डर येण्याआधी पाचेक वर्षं बंदच होती, पार्ट पुरवणारे पांगले होते, मध्ये कोविड, ते सगळं परत जमवण्यात वेळ गेला. म्हणजे दुकान वाढवून गेलेल्या माणसाला घरून बोलावून शटर उघडायला लावायचं तसं. आणि इकडे हवाईदलाकडे लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रनच्या (तुकड्यांच्या) जागी उरल्यात २९.

वडील एक गोष्ट नेहमी सांगतात. मिगच्या वेळी इंजिन ओडिशातल्या कोरापूटहून पेटीतून यायचं, तोही एचएएलचाच कारखाना. पेटी उघडताना सगळे हातातलं काम सोडून बघायला जमायचे. ते म्हणतात, "घर आम्ही बांधायचो, चूल कोरापूटहून यायची आणि चुलीचा नकाशा रशियाचा". साठ वर्षांनी काय बदललं? नकाशाचा देश.

माझं म्हणणं एवढंच की विमान बनवतो म्हणून पाठ थोपटायला हरकत नाही, पण इंजिन बनवता येत नाही तोवर डिलिव्हरीची तारीख आपल्या हातात नसते. तुम्हाला काय वाटतं?

कटिंगचहा

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. "चौऱ्याऐंशी" ला दंडवत.

शंकासूर

ओझरकर, लेख छान पण चिडचिड अनाठायी वाटली. इंजिन स्वतःचंच हवं हा हट्ट कशाला? स्वीडनचं ग्रिपेन जगात विकलं जातं, त्यात जीईचंच इंजिन. ब्राझीलची एम्ब्राएर एवढी मोठी कंपनी, तिच्या नव्या विमानांत प्रॅट अँड व्हिटनीचं. कोरियाचं नवीन केएफ-२१, परत जीई. हे लोक काय रडत बसलेत का? जे चांगलं जमतं ते करावं, बाकीचं बाजारातून आणावं. घरी मिसळ करताना फरसाण कोण तळत बसतं?

ओझरकर

@शंकासूर, फरसाणवाला उद्या म्हणाला की ही मिसळ शेजारच्या आळीत विकायची नाही तर ऐकाल का?

थट्टा नाही करत, हे झालेलं आहे. सत्तरच्या दशकात स्वीडन आपल्याला व्हिगन हे लढाऊ विमान विकायला तयार होतं. पण त्याचं इंजिन अमेरिकन डिझाइनवरचं, त्यामुळे परवानगी अमेरिकेची हवी. १९७८ ला त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला, आपण जग्वार घेतलं. विमान स्वीडनचं, गिऱ्हाईक भारत, आणि नाही म्हणणारा तिसराच!

आणि तेजसचंच बघा, १९९८ ला पोखरण झाल्यावर अमेरिकेत फ्लाइट कंट्रोलवर काम करत असलेल्या आपल्या इंजिनिअर लोकांना तिथून परत पाठवलं होतं. ते सॉफ्टवेअर मग आपण इथे पूर्ण केलं आणि उत्तम केलं, ती आपली खरी कमाई. म्हणजे जमत नाही असं नाही. सॉफ्टवेअरचं जमलं, बॉडीचं जमलं, धातूपाशी येऊन अडलोय.

भोसरी_वर्कशॉप

धातूचं नाव निघालं म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचणारा.

आमचं भोसरीत छोटं शॉप, चार सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं. जन्म गेला टू-व्हीलरचे पार्ट करण्यात. तीनेक वर्षांपूर्वी एका कंपनीकडून (नाव नको) एरोस्पेसच्या रिंगा करायचं काम आलं, मटेरियल इनकोनेल ७१८, निकेलचा मिश्रधातू. बंधू म्हणाले घेऊ, रेट बघ काय आहे. घेतलं.

साधं एमएस (माइल्ड स्टील) कापताना कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, निवांत मिनिटाला १५०-२०० मीटरच्या स्पीडला पळतं. इनकोनेलला ३०-४० वर यावं लागतं आणि तरी इन्सर्टची धार दहा-बारा मिनिटांत बसते. त्यात या धातूची खोड अशी की टूल कापायच्या ऐवजी नुसतं घासलं गेलं तर वरचा थर अजून कडक होतो, मग पुढचा कट बसतच नाही, म्हणजे एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, घाबरायचं नाही, भीत भीत हलका कट घेणारा ऑपरेटर इथे जॉब घालवतो. आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, तीस वर्षं मशीनवर, पहिल्या दिवशी दोन जॉब घालवून कॅन्टीनला जाऊन बसला, म्हणाला हे लोखंड नाही, हे सासरा आहे.

बारा रिंगांचा पहिला लॉट, पाच रिजेक्ट. त्यातली एक तर मापात शंभर टक्के बरोबर होती हो, पण तिच्या कागदावर हीट नंबर लिहायचा राहिला. कुठल्या भट्टीतल्या कुठल्या ओतकामाचं मटेरियल ते कळत नाही म्हणून रिजेक्ट. मी भांडलो, की अहो रिंग तर बघा, डोळ्यासमोर आहे. समोरचा शांतपणे म्हणाला, "कागद नाही तर पार्ट नाही". तेव्हा राग आला होता, आज पटतं. आता आमचं रिजेक्शन शंभरात दोनवर आलंय पण त्याला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत या कामात पैसे सुटले नाहीत, टू-व्हीलरच्या जिवावर ते पोसलं.

आणि हे फक्त बाहेरची रिंग करण्याचं. फिरणाऱ्या पार्टला तर आम्हाला कुणी हातही लावू देणार नाही.

निळी_शाई

हे लोखंड नाही सासरा आहे 😂 दादा, या एका वाक्यावर वेगळा धागा काढा.

डर्बीत_कुडकुडतोय

वाचनखूण साठवली. मी इंग्लंडात डर्बीला राहतो, विमानाच्या इंजिनच्याच क्षेत्रात आहे, कंपनीबद्दल लिहिणार नाही पण जे कुठल्याही पुस्तकात मिळेल तेवढं लिहितो.

जेट इंजिनमध्ये जळण झाल्यावर जो गरम वायू टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर आदळतो त्याचं तापमान आधुनिक इंजिनात १५०० अंश सेल्सियसच्या वर असतं. आणि पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो १३००-१४०० च्या आसपास वितळतो. म्हणजे पातं त्याच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा गरम हवेत मिनिटाला हजारो फेऱ्या मारतंय आणि टिकतंय. कसं? पातं आतून पोकळ, त्यात कॉम्प्रेसरकडून आणलेली त्यातल्या त्यात गार हवा खेळवायची, ती पात्यावरच्या बारीक भोकांतून बाहेर येते आणि पृष्ठभागावर हवेची पातळ गोधडी तयार होते, वरून सिरॅमिकचा लेप.

आणि पातं आख्खं एकाच स्फटिकाचं. साधा धातू म्हणजे बारीक दाण्यांचा लाडू समजा, गरम झाला आणि ताणला की दाण्यांच्या सांध्यावर फुटतो. इथे सांधाच ठेवायचा नाही, खडीसाखरेचा एक अखंड खडा, तोही पात्याच्या आकाराचा, आतल्या नळ्यांसकट, हळूहळू थंड करत वाढवायचा. हे भारतात अजिबात येत नाही असं नाही, हैदराबादच्या डीएमआरएलने (संरक्षण खात्याची धातूंवरची प्रयोगशाळा) २०२१ मध्ये अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनसाठी एचएएलला करून दिली. पण साठ करणं वेगळं आणि वर्षानुवर्षं हजारोंनी, प्रत्येक सारखं करणं वेगळं, भोसरीकरांनी रिंगांचं जे सांगितलं तेच.

आणि हे सगळ्यांना जड गेलंय. आमच्या या गावात १९७१ ची आठवण अजून काढतात. रोल्स-रॉइस आरबी२११ इंजिनवर एवढा खर्च करून बसली की फेब्रुवारी १९७१ ला कंपनी बुडाली, सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुढचा पंखा कार्बन फायबरचा करायला गेले होते, पक्षी आदळण्याच्या चाचणीत तो टिकेना, शेवटी टायटॅनियमवर आले. नंतर तेच इंजिन इतकं चाललं की कंपनी त्यावर उभी राहिली.

चौपाटी१८९५

सगळे पाश्चात्त्यांचेच गोडवे गाताय. १८९५ ला आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, पाऱ्याच्या इंजिनवर. ते दाबलं गेलं. त्यावर कोणी बोलणार नाही.

निळी_शाई

@चौपाटी१८९५, आलात का! मी वाटच बघत होते, विमानाचा धागा आणि तळपदे नाहीत असं होतच नाही.

दादा, तळपदे होते, त्यांना विमानाचा ध्यास होता, हे खरंय. ते उडालं याचा त्या वेळचा भरवशाचा पुरावा मात्र कोणी दाखवलेला नाही. आणि ज्या "प्राचीन" विमानांच्या आकृत्या दाखवतात त्या बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या लोकांनी १९७४ मध्येच नीट तपासल्या, त्यातलं एकही यंत्र उडू शकत नाही असं लिहून मोकळे झाले.

अभिमानच हवा ना, मग सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा घ्या की. ओझरकर ज्या एचएएलबद्दल लिहितायत ती डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये याच माणसाने म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन काढलेली कंपनी. महायुद्ध चालू, इंग्रजांचं राज्य, आणि सोलापूरचा माणूस म्हणतो विमानाचा कारखाना काढू. ती गोष्ट खरी आहे, कागदोपत्री आहे आणि कोणी सांगत नाही.

कटिंगचहा

+१ ताई. वालचंदनगर ठाऊक होतं, एचएएलचं ठाऊक नव्हतं, शपथ.

चौपाटी१८९५

आयआयएससी म्हणजे मेकॉलेचीच पोरं. असो. तुमचं चालू द्या.

रात्रपाळी

मी एएमई आहे, म्हणजे विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर, एअरलाइनला, मुंबईत. ड्यूटीवरून आलोय, झोप येत नाहीये म्हणून लिहितोय, चुका पोटात घाला.

सगळे लढाऊ विमानांवर बोलताय पण पब्लिकला इंजिनचा फटका बसला तो प्रवासी विमानांत. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, आठवतंय ना? त्यांच्या एअरबस निओ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीचं जीटीएफ इंजिन. कंपनीने सरळ इंजिनवाल्यांवर बोट ठेवलं, इंजिनवाल्यांनी ते मान्य केलं नाही, कोणाचं किती चुकलं ते कोर्ट जाणे. जानेवारी २०२५ ला कंपनी मोडीत काढायचा आदेश झाला. पण विमानं बंद पडल्यावर दोनच महिन्यांनी, जुलै २०२३ ला, इंजिनवाल्यांनी स्वतः जाहीर केलं की २०१५ च्या शेवटापासून २०२१ पर्यंत जी धातूची पावडर वापरली तिच्यात अशुद्धी निघाली. टर्बाइनची डिस्क पावडर दाबून करतात, त्यात डोळ्याला न दिसणारा कचरा राहिला तर तिथून पुढे तडा जाऊ शकतो. मग काय, जगभरची शेकडो इंजिनं उतरवा, तपासा, एकेका इंजिनला शॉपमध्ये २५० ते ३०० दिवस. इंडिगोची सत्तरच्या वर विमानं एका वेळी उभी होती.

उभं विमान तुम्ही जवळून बघितलं नसेल. इंजिन काढलं की पंख हलका होतो, तोल जातो, म्हणून इंजिनच्या जागी वजनं टांगतात. वेग मोजणाऱ्या पिटोट ट्यूबला कव्हर, चाकांना ऊन लागू नये म्हणून झाकण, दारांच्या फटीला टेप. आणि ते नुसतं उभं राहत नाही हो, त्याची पण देखभाल असते, ठरलेल्या दिवसांनी चाकं थोडी फिरवायची नाहीतर टायर एका बाजूला चपटा होतो. पावसाळ्यात पक्षी घरटं करतात. मी एकदा एका विमानाच्या एपीयूच्या (शेपटीतलं छोटं इंजिन) तोंडापाशी काड्या काढत होतो आणि वर ती साळुंकी बसून मला शिव्या देत होती. शंभर कोटींच्या वरचं विमान आणि भाडेकरू साळुंकी.

आणि गंमत अशी की या जीटीएफमध्ये जी नवी अवघड गोष्ट होती, पंखा सावकाश आणि टर्बाइन जोरात फिरावी म्हणून मध्ये घातलेला गिअर, सगळे म्हणत होते तो गिअर दगा देणार. गिअर मजेत चालला. दगा दिला पावडरने.

निळी_शाई

रात्रपाळी दादा, झोपा आता. पण छान लिहिलंत.

मी आयटीवाली, म्हणून मला दुसरीच बातमी लागली होती. नोव्हेंबरच्या शेवटी एअरबसने जगभरच्या सहा हजारेक ए३२० विमानांना सांगितलं की सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय उडू नका. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या जेटब्लूचं एक विमान वैमानिकाने काही न करता अचानक खाली आलं होतं, त्याचा तपास करताना निघालं की सूर्याच्या तीव्र प्रारणाने कंट्रोलच्या कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो. आपल्याकडची तीनशेच्या वर विमानं त्यात होती आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळी परत उडाली. बऱ्याच विमानांत तर जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं, बस्स. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी रोलबॅक मारतो तसंच, मला इतकं आपलेपण वाटलं म्हणून सांगू!

आता तुलना करा. सॉफ्टवेअर बिघडलं, सहा हजार विमानं, दोन-तीन दिवस. पावडर बिघडली, शेकडो विमानं, दोन वर्षांच्या वर झाली तरी निस्तरतायत. धातूला रोलबॅक नाही.

शंकासूर

ठीक आहे, इंजिन महत्त्वाचं हे मान्य. पण मग कावेरीचं, तेजससाठी आपणच करायला घेतलेल्या इंजिनचं काय? १९८९ ला मंजूर केलं, पस्तीस वर्षं पैसे ओतले, २००८ ला तेजसपासून वेगळं केलं. आमच्या टॅक्समधून गेलेल्या त्या पैशांचा जाब कोण देणार? ओझरकर, तुम्ही म्हणताय तसा अजून पैसा दिला तर अजून एक कावेरी.

ओझरकर

याच प्रश्नाची वाट बघत होतो.

कावेरीला ८१ किलोन्यूटनच्या आसपास रेटा हवा होता, गाठला त्याहून बराच कमी, वजन जास्त झालं, म्हणून तेजसला चालेना. एफ४०४ चं जे रूप आपण घेतो ते ८४-८५ देतं. अपयश आहे, नाकारत नाही. पण पैशाचा आकडा बघा. मुळात मंजूर झाले ३८३ कोटी. ताणत ताणत सगळा खर्च गेला दोन हजार कोटींच्या आसपास, तोही एवढ्या वर्षांत. वर मी लिहिलेला आकडा परत वाचा, ९९ इंजिनं विकत घ्यायला ५,३७५ कोटी. सुखोईच्या २४० इंजिनांचा सप्टेंबर २०२४ चा करार २६,००० कोटींचा. म्हणजे तयार इंजिनांच्या एका ऑर्डरच्या निम्म्याहून कमी पैशात आपण इंजिन *शोधून* काढायला निघालो होतो! रोल्स-रॉइससारखी कंपनी एका इंजिनपायी दिवाळखोर झाली हे वर आलंच आहे, आणि इथे जीटीआरईला (कावेरी करणारी सरकारी प्रयोगशाळा) सांगितलं की भागवा.

आणि चाचणीची सोय? विमानाला इंजिन लावून वर उंचीवर तपासायला उडती प्रयोगशाळा लागते, ती आपल्याकडे नव्हती. २०१० ला कावेरी पेटीत घालून रशियात नेलं, मॉस्कोजवळ आयएल-७६ या मालवाहू विमानाच्या पंखाखाली लावून उडवलं. नेण्या-आणण्याचा, त्यांच्या तारखा मिळण्याचा खेळ. भोसरीकरांना दोन जॉब घालवल्यावर तिसरा लगेच मशीनवर लावता आला म्हणून ते शिकले. दर वेळी जॉब रशियाला पाठवून निकालाची वाट बघायला लागली असती तर अजून पहिल्याच लॉटवर असते की नाही?

हे मी नवीन सांगत नाहीये. १९६१ ला मारुत उडालं, एचएफ-२४, जर्मन कुर्ट टँक यांनी आपल्याकडे येऊन डिझाइन केलेलं. विमान इतकं देखणं की आजही फोटो बघत बसावं. इंजिन मनासारखं मिळालं नाही, ऑर्फियस लावून भागवलं, आवाजाच्या वेगापुढे जायचं विमान त्याच्या आतच राहिलं. १४७ बांधली आणि विषय बंद. तेव्हाही बॉडी आपली आणि अडलं चुलीपाशी.

वेळणेश्वर

मध्येच बोलतो. एवढं सगळं लिहिताय पण गेल्या महिन्यात दुबईच्या एअर शोमध्ये आपलं तेजस पडलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, त्यावर एक ओळ नाही?

ओझरकर

मुद्दाम लिहिलं नाही. चौकशी चालू आहे. २१ नोव्हेंबरला ती क्लिप आली तेव्हा घरी टीव्ही लावला होता, वडिलांनी उठून बंद केला आणि बाहेर अंगणात जाऊन बसले. त्यांच्या वेळी असं काही झालं की हँगरमध्ये सगळे आपापल्या सह्या आठवायचे, या विमानाच्या कुठल्या कागदावर माझी सही होती. त्यावर इथे अंदाजपंचे दाहोदरसे नको, एवढी विनंती.

वेळणेश्वर

समजलं. माफ करा.

कटिंगचहा

बरं मला एक सांगा, चाकणला जीईचाच मोठा कारखाना आहे ना? २०१५ पासून आहे, आमच्या मित्राचा भाऊ तिथे आहे. मग तिथेच करा म्हणावं एफ४०४, हाय काय नाय काय.

डर्बीत_कुडकुडतोय

@कटिंगचहा, चाकणला प्रवासी विमानांच्या इंजिनांचे पार्ट होतात, लीप इंजिन वगैरे. म्हणजे असं होतं की चाकणला झालेला पार्ट अमेरिकेला किंवा फ्रान्सला जातो, तिथे इंजिनात बसतो, इंजिन विमानाला लागतं आणि ते विमान परत पुण्यालाच उतरतं. पार्ट करणं हे छोटं काम नाही, उगाच हिणवू नये, भोसरीकरांसारखे शंभर लोक तयार होतात ते अशाच कामातून. पण कुठला पार्ट असाच का, जाडी एवढीच का, हे ज्याला माहीत तो इंजिनवाला. ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

आणि धंद्याचं गणित वेगळंच आहे. इंजिन विकताना भरपूर सूट देतात, कमाई पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या दुरुस्तीत. प्रिंटर स्वस्त, शाई महाग. त्यामुळे नोव्हेंबरात हैदराबादला साफ्रान या फ्रेंच कंपनीचं लीप इंजिनांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र सुरू झालं ती बातमी मला तेजसच्या बातमीपेक्षा मोठी वाटली. २०३५ पर्यंत वर्षाला ३०० इंजिनं म्हणतायत. इंजिन उघडून बघणारे हात तयार होतील. आपल्या नव्या लढाऊ विमानासाठी, एएमसीएसाठी, १२० किलोन्यूटनचं इंजिनही साफ्रानबरोबरच करायचं ठरतंय. त्यात ड्रॉइंग मिळतं की "का" मिळतं, ते बघायचं.

शंकासूर

हा "का" चा मुद्दा पटला. बाकी ओझरकरांशी अर्धा सहमत, अर्धा नाही, कारण एवढे पैसे दिले तरी ते इंजिनवरच लागतील आणि नव्या बिल्डिंग, गेस्ट हाउसवर नाही याची खात्री मला सरकारी खात्याची वाटत नाही. तसंच तेजसच्या उशिराचं सगळं खापर इंजिनवर फोडू नका. नुसती इंजिनं वेळेवर आली असती तरी रडार, क्षेपणास्त्रं यांच्या चाचण्या बाकी होत्याच. फेब्रुवारीत बंगळूरला हवाईदल प्रमुखांनी एचएएलच्या लोकांना तोंडावर सुनावलं ते काय उगाच?

ओझरकर

हे मान्य. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "गेस्ट हाउसचं खरंय".

मामा_नागपूरकर

सगळं वाचून काढलं, दोन तास गेले, सायबाने बघितलं. एक वेगळाच प्रश्न विचारतो, रागावू नका.

माझा भाचा यंदा पुण्याला सीओईपीला लागला. मेटॅलर्जी भेटलं. पोरगं नाराज आहे, कॉम्प्युटर पाहिजे होतं, दहाएक मार्कांनी गेलं. घरी आल्यावर तोंड पाडून बसते, म्हणते मामा मेटॅलर्जी म्हणजे उरलेल्यांची ब्रँच, पहिल्या वर्षानंतर बदलून घेतो. माझी बहीण पण तेच म्हणते, की भंगारवाल्याचं शिक्षण आहे का हे. आता तुमचा धागा वाचून मी बुचकळ्यात पडलो ना बाप्पा. तुम्ही तर म्हणता सगळं अडलं ते याच्यापाशीच.

भोसरी_वर्कशॉप

मामा, त्याला सुट्टीत आमच्याकडे पाठवा एक आठवडा. राहायची सोय करतो. इनकोनेलचा एक जॉब त्याच्या हाताने घालवू दे, मग ठरवू दे काय ते. गंमत नाही करत.

डर्बीत_कुडकुडतोय

मामा, माझं शिक्षण मेटॅलर्जीचंच. मलाही कॉम्प्युटरच हवं होतं. पगार मित्रांपेक्षा पहिली दहा वर्षं कमी होता हे खरं सांगतो, आई प्रत्येक लग्नात ऐकून यायची. आता बरा आहे. पण भारतात राहून हे काम करायचं तर जागा थोड्या, डीएमआरएल, मिधानी, जीटीआरई, काही खासगी, तेही त्याला आत्ताच सांगा, नंतर मामाने फसवलं म्हणायला नको.

निळी_शाई

आणि कॉम्प्युटरवाल्यांचं सध्या काय चाललंय तेही सांगा त्याला. आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी चौदा जण होते, आता नऊ. एआय एआय करत एकेक कमी केला. ब्रँच बदलून घेऊन सुखात पडेल असं काही नाही.

रात्रपाळी

उठलो. भाच्याला म्हणावं विमान जवळून बघायचं असेल तर नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय २५ तारखेपासून, आत सोडायची सोय माझ्याच्याने नाही होणार, पण इंजिन कसं उघडतात त्याचे आणि बोअरस्कोपचे (इंजिनात आत बघायचा कॅमेरा) धडे देईन फोनवर.

मामा_नागपूरकर

सगळ्यांचे आभार मंडळी. भाच्याला आख्ख्या धाग्याची लिंक पाठवली, खाली लिहिलं की नीट वाच, विचार कर, मग बोलू.

त्याचं उत्तर आलं आत्ता. "मामा, सासरा म्हणजे नक्की कोणता अलॉय?"